राखणी ड्राइव्हचा मालक

"काल संध्याकाळपर्यंत चांगला चालू होता," असं म्हणत जालिंदर मेटकरीनं लॅपटॉप काउंटरवर ठेवला.

विट्याच्या मेहबूब तांबोळीनं नुसती मान डोलावली. लॅपटॉप दुरुस्तीच्या पंचवीस वर्षांच्या धंद्यात 'महिनाभर कुरकुरत होता' असं खरं सांगणारं एकही गिऱ्हाईक त्याला भेटलं नव्हतं. हा लॅपटॉपही महिनाभर कुरकुरत होता, आणि ते जालिंदरच्या मागे उभ्या असलेल्या रेवतीला पक्कं माहीत होतं. पण नवरा चारचौघांत बोलत असताना मधे तोंड घालायचं नाही, ही सवय ती माहेराहून घेऊन आली नव्हती. ती लग्नानंतर लागली आणि चांगलीच मुरली.

लॅपटॉप पिंपरमाळच्या पाणीवाटप संस्थेचा. जालिंदर संस्थेचा सचिव आणि रेवती सचिवाची बायको. आटपाडीच्या अंगाला वसलेल्या त्या गावात तीनशे बारा शेतांना एकाच पाइपलाइनचं पाणी जायचं, पंधरा दिवसांतून सात दिवस. कुठल्या शेताचा व्हॉल्व्ह कधी उघडायचा आणि कधी मिटायचा, हे पाळीपत्रकात लिहिलेलं असायचं. पत्रक लॅपटॉपवर तयार व्हायचं आणि तिथूनच पंपघराला जायचं. आज शनिवार होता. संध्याकाळी सहापर्यंत पत्रक गेलं नाही तर पंपघर पाणी आपोआप पुढच्या गावाकडं वळवणार होतं. मग पिंपरमाळला पंधरा दिवस थेंब मिळणार नव्हता. झाडांवर लिंबाएवढी डाळिंबं लटकत होती आणि वर मार्चचं ऊन तापत होतं.

मेहबूबनं लॅपटॉप चालू केला. निळा पडदा आला, दोन ओळी आल्या, पुन्हा अंधार.

"सिस्टीम बसलीय खाली. नवीन टाकावी लागंल," तो म्हणाला. "घाबरू नका साहेब, तुमचा डेटा वेगळ्या कप्प्यात असतोय. आपण फक्त सिस्टीमचा कप्पा पुसायचा."

त्यानं पेनड्राइव्ह लावला. भाषा निवडली, अटी मान्य केल्या, जशा सगळेच न वाचता करतात. 'कुठे इन्स्टॉल करायचं?' असा प्रश्न आला. त्याखाली ड्राइव्हची यादी यायला हवी होती. तिथं पांढरी रिकामी चौकट होती आणि एक ओळ: एकही ड्राइव्ह सापडला नाही.

"म्हणजे?" जालिंदरनं विचारलं.

"म्हणजे दुकानात माल हाय, पण दुकानदार न्हाई म्हणतोय. बघूया."

मेहबूबनं मागचं झाकण उघडलं, ड्राइव्हची बोटाएवढी पट्टी काढली, तिच्या सोनेरी दातांवरून शाळेतलं खोडरबर हलकेच फिरवलं आणि पुन्हा घट्ट बसवली. यादी रिकामीच. मग तो लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये शिरला. तिथं मात्र ड्राइव्हचं नाव, आकार, सगळं व्यवस्थित दिसत होतं. ड्राइव्ह जिवंत होता, त्याची तब्येत ठणठणीत होती, फक्त इन्स्टॉल करणाऱ्या प्रोग्रामला तो दिसत नव्हता.

इथं थोडं शास्त्र सांगायला हवं, फार नाही. लॅपटॉप आणि ड्राइव्ह यांच्या मधे एक कंट्रोलर बसलेला असतो. तो दारावरचा पहारेकरी. आत कोण आहे हे प्रोग्राम स्वतः बघत नाही, पहारेकऱ्याला विचारतो. पूर्वी नव्या पहारेकऱ्याची भाषा जुन्या प्रोग्रामला समजायची नाही आणि यादी रिकामी यायची. मग त्या भाषेचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून चढवला की भानगड मिटायची. मेहबूबनं तेही केलं. एक ड्रायव्हर चढवला, दुसरा चढवला, सेटिंगमधली पद्धत बदलून पाहिली. चौकट पांढरी ती पांढरीच. मग त्यानं भिंग घेऊन पट्टीवरचा बारीक शिक्का पाहिला आणि खुर्चीत मागे टेकला.

"राखणी हाय ही," तो म्हणाला. "आधी सांगायचं न्हवं का साहेब. माझा दीड तास गेला."

राखणी ड्राइव्ह येऊन चार वर्षं झाली होती. त्याआधी पाणी, रेशन, जमीन यांच्या सगळ्या नोंदी पासवर्डवर आणि अंगठ्यावर चालायच्या. आता पासवर्ड ही आपल्याकडे गुपित ठेवायची गोष्ट कधीच नव्हती. शेजाऱ्यानं विचारला तर न सांगणं हाच उद्धटपणा. अंगठ्याचंही तेच. ऑपरेटरनं यंत्र पुढं केलं की माणसं गप्पा मारता मारता अंगठा टेकवून मोकळी व्हायची. असं करता करता एका तालुक्यात दोन मयत माणसं तीन वर्षं पाणी घेत राहिली, तेव्हा सरकार जागं झालं. नव्या कायद्यानं अशा नोंदी, आधीच्या वर्षांच्या जुन्यासकट, फक्त राखणी ड्राइव्हवर ठेवायच्या ठरल्या, आणि त्यांची नक्कल काढायची सोयच ठेवली नाही.

राखणीच्या पोटात एक शिकणारी चिप असते. ती पासवर्ड मागत नाही, अंगठा मागत नाही. काम करणारा माणूस कसं काम करतो ते ती वर्षानुवर्षं बघते. दोन अक्षरांमधे किती वेळ जातो, कुठला रकाना आधी भरला जातो, काय लिहून खोडलं जातं, कुठं हात थबकतो. बोटांची सवय हा त्यातला छोटा भाग. मोठा भाग म्हणजे ठरवण्याची सवय. ओळखीचा हात नसेल तर राखणी 'नाही' म्हणत नाही, कारण नाही म्हणणाऱ्या ड्राइव्हशी लोक झटापट करतात. ती नुसती दिसेनाशी होते. एरवी हे कुणाच्या ध्यानात येत नाही. सिस्टीम बसली आणि नवी टाकायची वेळ आली की मात्र ती हात बघितल्याशिवाय दर्शन देत नाही.

"सोपं हाय," मेहबूब म्हणाला. "मी एक कोरा तक्ता उघडून देतो. मालकानं वीस मिनिटं नेहमीचं काम करायचं. ती लपून ऐकत असती. पटलं की यादीत येती. फक्त संधी तीनच. तिसरीला चुकलं तर कुलूप पडतंय. मग सीलबंद करून पुण्याला पाठवायचा, नव्वद दिवस."

"हात्तिच्या," जालिंदर म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

पाळीपत्रक रेवतीच करायची. पहिल्या वर्षी जालिंदर सांगायचा आणि ती टाइप करायची, हे खरं. पुढं त्याच्या मीटिंगा वाढल्या, मग सत्कार वाढले, मग पेपरात 'पिंपरमाळ पॅटर्न' असा मथळा आला आणि गावोगावी व्याख्यानं सुरू झाली. जेवता जेवता तो चार गोष्टी सांगायचा, उरलेल्या तीनशे आठ ती ठरवायची. कुणाची विहीर आटली, कुणाची जमीन हलकी, कुठले दोन भाऊ बोलत नाहीत म्हणून त्यांच्या पाळ्या लागोपाठ नकोत, कुणाच्या घरी लग्न आहे. नऊ वर्षांच्या या नोंदी त्या पट्टीत होत्या आणि दुसरीकडं कुठंही नव्हत्या. जालिंदर खोटारडा नव्हता. कुणी विचारलं तर तो सांगायचाच, "मिसेस टाइप करते." त्याला ते मनापासून तसंच वाटायचं.

आत्ताच सांगावं, असं तिला वाटलं. पण समोर तांबोळी होता. ती गप्प बसली आणि तिच्या गप्प बसण्यात पहिली संधी गेली. जालिंदरनं वीस मिनिटं दोन बोटांनी, गट नंबरच्या क्रमानं, न अडखळता तक्ता भरला. मेहबूबनं बटण दाबलं. एकही ड्राइव्ह सापडला नाही.

"टायपिंगचा प्रॉब्लेम हाय," जालिंदर हसून म्हणाला. "हिच्या बोटांची सवय असणार त्याला. रेवती, तू बस. मी सांगतो."

रेवतीला हायसं वाटलं. बोटं तर तिचीच होती. तसं निभावलं असतं तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं: ड्राइव्ह, पाळी आणि नवरा. ती बसली. तो पाठीमागं हात बांधून उभा राहिला आणि व्याख्यानाच्या आवाजात सांगू लागला. "गट एक, सोमवार, सकाळी सहा. गट दोन, साडेसात." ती टाइप करत गेली. गट एक्केचाळीसनंतर त्यानं बेचाळीस सांगितला. ते दोन्ही बाळासाहेब आणि दगडूचे, एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या भावांचे. तिचा हात क्षणभर थांबला. मग तिनं तो सांगतो तसंच लिहिलं.

वीस मिनिटांनी मेहबूबनं बटण दाबलं. चौकट पांढरी.

"बोटं ओळखीची हायत म्हणतीय," मेहबूब पडद्यावरची बारीक ओळ वाचत म्हणाला, "पण काम ओळखीचं न्हाई." एवढं बोलून तो चपापला. बाईच्या चेहऱ्याकडं बघून त्याला सगळं समजलं असावं, कारण त्यानं लगेच समोरच्या टपरीकडं बघत तीन चहाची खूण केली.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

"मेहबूबभाई, सील करा," जालिंदर एकदम म्हणाला. "पुण्याला पाठवू. नव्वद दिवस म्हणजे काय फार न्हाई. गावाला मी समजावतो. समजावण्यात मी कुणाला हार जायचो न्हाई."

"आणि डाळिंबं?" रेवतीनं विचारलं.

"अगं, एक पाळी चुकली म्हणून काय होतंय?"

"गळतात. सगळी गळतात. तुम्हाला ठाऊक हाय."

त्याला ठाऊक होतं. तो तिच्याकडं न बघता पडद्याकडं बघत होता, आणि त्या बघण्यात तिला पहिल्यांदाच दिसलं की हा माणूस घाबरलाय. नऊ वर्षांत लोकांनी त्याला हार घातले, व्यासपीठावर बसवलं, आणि बोटाएवढी एक पट्टी त्याला ओळखतसुद्धा नव्हती. तिला त्याची दया आली. आणि खोटं कशाला बोलायचं, थोडा आनंदही झाला. कुणीतरी इतकी वर्षं तिच्याकडं लक्ष देऊन बघत होतं, यंत्र का असेना. आनंद झाला म्हणून तिला स्वतःची लाजही वाटली.

"तुम्ही जरा बाहेर बाकावर बसा," ती म्हणाली.

"का?"

"तुम्ही मागं उभं असलात की मला सुचत न्हाई."

असं वाक्य ती त्याला लग्नानंतर पहिल्यांदाच बोलली होती. जालिंदर चहाचा कप घेऊन बाहेर गेला.

सुरुवातीची पाच मिनिटं भयंकर गेली. आपण नेहमी कसं करतो हे आठवून आठवून ती करू लागली, आणि आठवून केलेलं काही नेहमीसारखं होईना. ही शेवटची संधी, हे डोक्यातून जाईना. एका रकान्यात तिनं काय लिहिलं हे तिलाच कळेना. मग तिला तात्याबांची आठवण झाली. पाइपलाइनच्या अगदी शेपटाला त्यांचं शेत. गुरुवारीच त्यांचं बोअर कोरडं पडलं होतं आणि आज सकाळी सून सांगून गेली होती, म्हातारा जेवत नाही. तात्याबांना तीन तास तरी हवेत. ते आणायचे कुठून?

इथून पुढं ती लॅपटॉप, दुकान, तांबोळी सगळं विसरली. ती नेहमी शेपटाकडूनच सुरू करायची. पाण्याला दाब कमी असतो तिथं आधी द्यायचं आणि दाब जास्त तिथं मागून. तात्याबांना तिनं बुधवारी तीन तास दिले. मग ते कमी करून अडीच केले. वरच्या अंगाच्या पाटलांचा अर्धा तास काढला, पुन्हा दिला, कारण त्यांच्याकडं रोपं नवी होती. शेवटी शाळेमागच्या तुकड्याची वीस मिनिटं घेतली. बाळासाहेब आणि दगडूच्या मधे जुन्या सरपंचांची बाग टाकली, म्हणजे व्हॉल्व्हपाशी गाठ पडायला नको. गुरुवारी दुपारी एक तास कोरा ठेवला. पंधरवड्यात कुणाकडं ना कुणाकडं काहीतरी घडतंच. ओठ हलवत, स्वतःशी पुटपुटत ती लिहीत राहिली, खोडत राहिली.

"वहिनी," मेहबूब हळू म्हणाला. "पंचवीस मिनिटं झाली."

तिनं हात मागं घेतले. त्यानं बटण दाबलं. चौकट पांढरी राहिली, मग एकदा लुकलुकली, आणि पहिल्या ओळीत अक्षरं उमटली: ड्राइव्ह शून्य, राखणी, दोन कप्पे.

"आला," मेहबूब म्हणाला.

रेवतीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं पुसलं नाही, कारण पुसलं तर तांबोळीला दिसलं असतं. मेहबूबनं जपून फक्त सिस्टीमचा कप्पा निवडला, दुसऱ्याला हात लागला नाही ना हे दोनदा पाहिलं, आणि इन्स्टॉल सुरू केलं. दहा मिनिटांनी पडद्यावर एक फॉर्म आला. त्यावर एकच प्रश्न होता: या हाताचं नाव काय?

मेहबूबनं जालिंदरला आत बोलावलं. "हे तुमच्या दोघांसमोर झालेलं बरं," तो म्हणाला. "इथं आधी साहेबांचं नाव होतं, कागदावरून भरलेलं. आता हात कळल्यावर नियम असा हाय की, नाव हाताचंच टाकायचं. ते सरळ खात्याला जातंय. आणि पत्रकावर ज्याचा हात, तोच पुढच्या सभेपर्यंत सचिव."

"आणि जुनंच नाव ठेवलं तर?" जालिंदरनं विचारलं.

"तर हे पत्रक आज जाईल. पुढच्या वेळी नाव आणि हात जुळंना म्हणून ती पुन्हा लपंल, आणि मग मी काय, कुणीच शोधू शकणार न्हाई."

जालिंदर फॉर्मच्या मागं उघडलेल्या नोंदी वाचत होता. नऊ वर्षांच्या शेऱ्यांच्या रकान्यात त्याला जागोजागी एकच वाक्य दिसत होतं. 'ह्यांनी दोन तासांचा शब्द दिला. देता येत नाहीत. घरी जाऊन समजावलं.' कधी पाटलांच्या नावापुढं, कधी दगडूच्या, कधी सरपंचांच्या. व्याख्यानाला जाता जाता तो रस्त्यात कुणालाही शब्द द्यायचा, आणि आपला शब्द कधी खाली पडला नाही म्हणून त्याला अभिमान होता.

"म्हणजे गावाला ठाऊक हाय," तो म्हणाला.

"हाय."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून कुणी बोललं न्हाई. तुमच्यावर माया हाय लोकांची. तुमच्या बोलण्यामुळंच नऊ वर्षं एकत्र राहिली सगळी, ते मला जमलं नसतं." तिनं लॅपटॉप स्वतःकडं ओढला. "पण नाव मी माझं टाकते. विचारत न्हाई तुम्हाला, सांगते."

तिनं नाव लिहिलं: रेवती जालिंदर मेटकरी. फॉर्म निघून गेला. जालिंदर स्टुलावर बसला. त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला, आणि तो बघून तिचं मन इतकं भरून आलं की क्षणभर तिला वाटलं, नको होतं हे. पण घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती आणि दोनशे शेतं अजून भरायची होती. ती कामाला लागली. पाऊण तासाच्या आत पत्रक पुरं झालं आणि पंपघराकडून पोच आली.

तोवर जालिंदर मागं येऊन उभा राहिला होता, पण या वेळी तो काही सांगत नव्हता.

"आपल्या शेताची पाळी कधी हाय?" त्यानं विचारलं.

"मंगळवारी पहाटे तीनला."

"इतक्या अवेळी?"

"नऊ वर्षं तीच हाय. तुम्हीच भाषणात सांगता की, सचिव सगळ्यात वाईट पाळी स्वतःला घेतो."

त्याला ते आठवलं. टाळ्या कुठं पडायच्या तेही आठवलं. "बदलता येती का?"

"लेखी अर्ज द्या. सगळेच देतात."

मेहबूब उगाचच स्क्रू आवरायला लागला. जालिंदरनं त्याच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला. अर्ज लिहिण्यात त्याचा हातखंडा होता. 'प्रति, मा. सचिव' असं त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि तिथं बराच वेळ थांबला. मग खाली लिहिलं: 'पाळीच्या वेळी ठिबकचा फिल्टर धुवायला अर्जदाराची पत्नी पहाटे तीनला उठते. दिवसा ती संस्थेचं काम करते. तिला झोप मिळत नाही. तरी पाळी बदलून मिळावी.' खाली सही केली आणि कागद तिच्यापुढं ठेवला.

रेवतीनं तो दोनदा वाचला. इतक्या वर्षांत ती पहाटे कुठं जाते हे त्याला माहीत आहे, हे तिला आजच कळत होतं.

"कारण बरोबर हाय," ती म्हणाली. "पण मंजूर करता येत न्हाई. आपण सोडली तर ती पाळी कुणाच्या गळ्यात घालू? फिल्टर धुवायला तुम्ही उठा."

जालिंदरनं अर्जाची घडी केली आणि खिशात ठेवली. लॅपटॉप उचलून काखेत घेतला. दोघं दुकानाच्या पायऱ्या उतरून गाडीपाशी आली. गाडीचं दार उघडताना त्यानं मागं वळून विचारलं,

"फिल्टरखोलीची चावी कुठं असते?"